उन्हाळाभर धक्क्याला

९ मार्च

भाऊराया,

फोनवर मी मुद्द्यावर आले की तुला ऐकू येईनासं होतं आणि तू फोन ठेवून देतोस. पत्र निदान उघडावं तरी लागतं, म्हणून लिहितेय.

काल तुझ्या दाजींचे सर्व्हे ऑफिसातले जुने मित्र आले होते. कामासाठी तुमच्याकडे जाऊन आलेत. चहा पिताना सहज म्हणाले, "तुमच्या भावाची होडी छान बांधलेली असते हो धक्क्याला. जाताना पाहिली, पंधरा दिवसांनी येताना पाहिली, तिथेच होती." दाजी हसले. मला हसू आलं नाही. मी विचारलं, पाण्यातच? म्हणाले, पाण्यातच, आणि तळाला हिरवी दाढी फुटलीय. धक्क्याच्या रखवालदाराने त्यांना सांगितलं म्हणे की साहेब या वर्षी उन्हाळाभर ती पाण्यातच ठेवणार आहेत.

अण्णांना जाऊन आठ महिने झाले. चाळीस वर्षं त्यांनी ती होडी चालवली आणि एकाही उन्हाळ्यात ती पाण्यात ठेवली नाही. काम झालं की दोन माणसं, चार ओंडके, आणि होडी उतारावरून वर. तिच्या पोटाखाली उताणी पडून मी फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकलाय आणि वर गरम राळ भरलीय. डाव्या कोपरावर डाग आहे अजून. तू तेव्हा सावलीत बसून पाढे म्हणायचास.

पस्तीस वर्षं पाणीखात्यात लोकांचे मीटर वाचलेस. पाण्याबद्दल तुला एवढंच कळलेलं दिसतं की ते नळातून येतं. होडी म्हणजे म्हैस नव्हे रे, दिवसभर डुंबत ठेवायला. लाकूड पोखरणारा किडा असतो पाण्यात. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत फळीची चाळण झालेली असते. तुला हे माहीत नसणार, कारण तू विचारलं नसणार.

आठ दिवसांत ती बाहेर काढ. काढलीस की कळव. नाही काढलीस तरी कळव, म्हणजे तुझ्या अकलेची किती वाट लागलीय याचा अंदाज येईल.

ताई

१७ मार्च

ती. ताई,

नमस्कार. पत्र पोचलं, आणि लागायचं तिथे लागलंही.

तुझ्या मुद्द्यांना क्रमाने उत्तर देतो, कारण मुद्दे क्रमाने मांडायची तुला सवय नाही. लाकडी होडी उन्हात बाहेर ठेवली की फळ्या वाळतात, आक्रसतात, सांधे उघडतात. पाण्यात ठेवली की लाकूड फुगलेलं राहतं आणि फटी बंद राहतात. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, नौकाबांधणीवरचं जाड पुस्तक आहे इथल्या वाचनालयात, त्यात लिहिलंय. अण्णांनी ते वाचलं नव्हतं. तूही वाचलेलं नाहीस.

दुसरं. होडी जागेवर दिसली म्हणजे ती हलत नाही, हा शोध सर्व्हे खात्यालाच लागू शकतो. मी रोज सकाळी नऊला जातो आणि एकला परत येतो. त्या गृहस्थांनी कधी पाहिली असेल ती चहाच्या वेळेला. गेल्या मंगळवारी वळणापलीकडच्या झाडीखाली गळ टाकला आणि दोन सुरमया लागल्या, प्रत्येकी हातभर लांब. आमच्या सिस्टरला विचार, बायको आहे म्हणून माझी बाजू घेणारी ती नव्हे. घरी आम्ही दोघंच, एक शेजारी दिली.

तू तीस वर्षं शाळेच्या गणवेशांचं कापड कापलंस. मी कधी कारखान्यात येऊन तुला सांगितलं का, की कॉलर अशी नाही, तशी काप?

होडी माझी आहे. अण्णांनी ती मुलगा म्हणून मला दिली. कुठे ठेवायची ते मी ठरवीन.

दाजींना नमस्कार.

तुझा भाऊ

२४ मार्च

भाऊराया,

सुरमई. खाडीत. झाडाच्या मुळाशी, गढूळ पाण्यात, गळाला. एक नाही, दोन.

सुरमई ही बाहेरच्या खोल समुद्रातली धावणारी मासळी. ती तुमच्या त्या कंबरभर चिखलात कशाला आली असेल? तुझा सेवानिवृत्तीचा सत्कार राहिला होता म्हणून? तुला खोटंच बोलायचं होतं तर खाडीतली बोई म्हणायचं, म्हणजे मी गप्प बसले असते. पण तुला मोठा मासा पाहिजे. पुढच्या पत्रात देवमासा लागल्याचं लिही. दाजींना वाचून दाखवीन, त्यांना बालवाङ्मय आवडतं.

तुझ्या पुस्तकातलं अर्धं खरं आहे, ते मी मान्य करते. फळ्या आक्रसतात. म्हणूनच होडी सावलीत ठेवायची आणि वर ओली पोती टाकायची, रोज दोन वेळा भिजवायची. ते कोण करायचं? मी. पुस्तकात पान उलटलं असतंस तर तेही सापडलं असतं.

आता ऐक. मागे इंजिनाजवळ, उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखालची दुसरी फळी पहिल्यापासून कच्ची आहे. चाकूचं टोक टेकवून बघ. टोक आत गेलं तर माझं ऐक. दोर जिथे धक्क्याच्या दगडाला घासतो तिथे चिंधी गुंडाळ. आणि एका प्रश्नाचं उत्तर दे, रोज जातोस म्हणून विचारते. ओहोटीला त्या वळणावर पाणी कुठल्या अंगाला ओढतं? अण्णा दर जेवणाला सांगायचे. तुला तर आता हाताने कळत असेल.

ताई

६ एप्रिल

ती. ताई,

मी साठीचा झालो. चौकशी आयोगापुढे उभं राहण्याचं माझं वय गेलं.

पाणी डावीकडे ओढतं. भरती जास्त असली तर उजवीकडे. हे सगळं त्या त्या दिवसावर असतं, तुला तिथे बसून समजायचं नाही.

फळी ठीक आहे. दोर ठीक आहे. मी चार दोर लावलेत, अण्णा दोनच लावायचे. घडीची खुर्ची घेतली, मोठ्या काठाची टोपी घेतली, एक छत्रीही बसवून घेतली होडीत. धक्क्यावरचे लोक मला कॅप्टन म्हणतात. तू काय म्हणतेस त्याने फारसा फरक पडत नाही.

मासे बरे लागतायत.

तुझा भाऊ

१९ एप्रिल

वन्स,

हे पत्र मी वॉर्डातून लिहितेय. आज बाळंतिणी कमी आहेत. यांना माहीत नाही, तुम्हीही कळू देऊ नका.

सुरमईचं मला आधीच माहीत होतं. मासा घरी येतो तोच खवलं काढलेला, पोट साफ केलेला, आणि एकदा तर कल्ल्यात बर्फाचा खडा होता. मी म्हटलं, खाडीत बर्फ पडला वाटतं. तर म्हणाले, ताजा राहावा म्हणून मीच घालतो. बाजारातली कोळीण माझी पेशंट आहे, तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. ती म्हणाली, "साहेब रोज पावणेएकला येतात. भाव करत नाहीत, फक्त साफ करून द्या म्हणतात." मी इतके दिवस काही बोलले नाही. निवृत्तीनंतर पुरुषाला एक खोटं लागतं, काहींना त्याहून महाग लागतं, म्हणून सोडून दिलं होतं.

पण तुमची पत्रं यायला लागल्यापासून यांचं जेवण कमी झालं. म्हणून परवा सुट्टी टाकून मी धक्क्यावर गेले, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीआड उभी राहिले. वन्स, तुम्ही हसणार, हसा, पण नंतर पुढचं वाचा.

होडी चारी बाजूंनी बांधलेली. मधोमध घडीची खुर्ची, वर छत्री, खुर्चीत हे. हातात काठी, काठीला दोरा, दोरा पाण्यात. शेजारून आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांची फायबरची मोटरबोट गेली, तिच्या लाटेने होडी थोडी डुलली, तर यांनी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी कड धरली. बोटं पांढरी पडलेली मला भिंतीपासून दिसली. लाट गेल्यावरही बराच वेळ सोडली नाहीत. मग डबा घेऊन तळातलं पाणी उपसायला लागले. पाणी बरंच होतं. बारा वाजता उठले, दोर तपासले, चारी, आणि बाजाराकडे गेले. नंतर मी काठी उचलून पाहिली. दोऱ्याला गळच नव्हता.

होडी एक दिवसही सुटलेली नाही. रखवालदार म्हणाला, "बाई, आम्ही कॅप्टन का म्हणतो ते त्यांना कळत नाही असं आम्हाला वाटतं. की कळतं?"

बत्तीस वर्षं मी या माणसाबरोबर राहिले. झुरळाला घाबरत नाहीत, सापाला घाबरत नाहीत, साहेबाला कधी घाबरले नाहीत. पाण्याचं काय आहे? आणि घाबरतात तर होडी विकत का नाहीत, वर का काढत नाहीत, रोज तिथे जाऊन का बसतात? तुम्ही थोरल्या आहात, तुम्हाला माहीत असेल. मला सांगा.

तुमची
सिस्टर

२६ एप्रिल

सिस्टर,

हसले. दाजी उठून बघायला आले, काय झालं म्हणून. मग पुढचं वाचलं.

सांगते. यात माझीही बाजू काही फार शोभेची नाही.

आपला कॅप्टन नऊ वर्षांचा झाल्यापासून अण्णा त्याला दर रविवारी होडीत घालून न्यायचे. मुलगा आहे, शिकला पाहिजे. तो आदल्या दिवसापासून जेवायचा नाही. होडीत ओकायचा, घरी येऊन ओकायचा. मी तेरा-चौदा वर्षांची, मला जायचं असायचं. सगळं सामान मी होडीत भरून द्यायची आणि अण्णा म्हणायचे, "उतर आता." पोरीने होडीत बसायचं नाही, असं काही कुठे लिहिलेलं नव्हतं. अण्णांना तसं वाटायचं, एवढंच. मी धक्क्यावर उभी, तो होडीत. दोघंही रडकुंडीला आलेलो, आणि अण्णांना वाटायचं आपण दोघांना वळण लावतोय.

एकदा लाल पिंपापाशी, तिथे खोल पाण्याची खूण म्हणून ते तरंगत बांधलेलं असतं, हा पाण्यात पडला आणि होडीखाली गेला. अण्णांनी केसाला धरून वर काढला. जिवावर बेतलं होतं, थोडक्यात निभावलं. पण घरी आल्यावर अण्णांनी ते नक्कल करून सांगितलं, कसा गेला, कसा बुडबुडे काढत होता. पुढे पाहुणे आले की तीच नक्कल. सगळे हसायचे. मी सगळ्यांत जोरात हसायची. मला वाटायचं, बरं झालं. तुला जायला मिळतं ना, मग भोग.

शेवटी अण्णांनी होडी त्याला दिली आणि मला दिलं शिवणयंत्र. काथ्या मी ठोकला, राळ मी भरली, पोती मी भिजवली, आणि आजतागायत त्या होडीतून मी धक्क्यापुढे हातभर गेलेली नाही. लोकांना वाटतं मी कोळिणीसारखी बोलते. बोलते ती सगळी ऐकीव माहिती.

तो विकत का नाही, ते मला माहीत नाही. विकली तर अण्णांना कळेल असं वाटत असेल त्याला. मेलेल्या माणसाची भीती जास्त असते, ती कमी करायला तो येत नाही.

त्याला काही बोलू नकोस. फक्त उजवीकडची मागची फळी चाकूने बघ.

वन्स

२८ एप्रिल

भाऊराया,

ओहोटीला पाणी उजवीकडेच ओढतं, रोज, भरती कितीही असो. ज्याला एवढं कळत नाही तो त्या वळणापर्यंत गेलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. खुर्चीवरून होडी हाकणारा तू पहिला.

सोपी परीक्षा देते. खोल पाण्यात लाल पिंप आहे. त्याच्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिलेला आहे. तू आयुष्यभर आकडेच वाचलेस. जा, आकडा वाच आणि मला लिहून पाठव. नाही जमलं तर होडी मिस्त्रीच्या हवाली कर आणि खुर्ची घरच्या गच्चीवर नेऊन ठेव. तिथे छत्रीही लागेल, आणि बुडण्याची भीती नाही.

ताई

१३ मे

वन्स,

मी तुम्हाला कारण विचारलं होतं. ते तुमच्या हातात हत्यार म्हणून दिलं नव्हतं.

तुमचं अठ्ठावीस तारखेचं पत्र यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं, ओलं झालेलं, शाई पसरलेली, पण 'बुडण्याची भीती नाही' एवढं वाचता येत होतं. सव्वीसला मला लिहिता की त्याला काही बोलू नकोस, आणि दोन दिवसांनी स्वतः त्याच माणसाला लाल पिंपावर पाठवता. तेच पिंप, वन्स. दुसरं कुठलं सुचलं नाही?

मी वॉर्डात रोज बायकांच्या सासवा, नणंदा बघते. बाहेर बाकावर बसून आतल्या बाईला नावं ठेवत असतात, की आमच्या वेळी आम्ही ओरडलो नाही. मला वाटायचं माझी नणंद त्यांतली नाही.

हे जिवंत आहेत. पाय कापलाय, सात टाके घातले, मीच घातले. ताप होता, उतरला. बोलत नाहीत. काय झालं ते त्यांनाच लिहू दे, त्यांनी लिहायचं ठरवलं तर. फळी मी पाहिली नव्हती, डबल ड्यूटी होती. ती चूक माझी. बाकीची तुमची.

सिस्टर

२० मे

ताई,

आकडा सतरा आहे.

बुधवारी सकाळी वारा नव्हता. चारी दोर सोडले. चौथा सोडायला किती वेळ लागला ते सांगत नाही. इंजिन दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झालं, याचंच मला वाईट वाटलं. मी डोळे फक्त होडीच्या टोकावर ठेवले. घाम इतका आला की टोपी गळून पडली आणि मी ती उचलली नाही. वळणावर पाण्याने उजवीकडे ओढलं, तू म्हणालीस तसंच. मग पिंप आलं. मी त्याला एक फेरी घातली, कारण आकडा पलीकडच्या बाजूला होता. सतरा, एकाचा खालचा भाग पुसलेला, साताला वर आडवी रेघ. पस्तीस वर्षांची सवय आहे, चुकत नाही.

परत फिरलो तेव्हा पायाला पाणी लागलं. तुझी फळी. उपसायचं तर सुकाणू सोडावं लागलं असतं, ते मी सोडलं नाही. धक्का दहा-बारा हातांवर आला आणि इंजिन बुडून बंद पडलं. होडी मागून खाली बसायला लागली. मी कड धरली, डोळे मिटले आणि ओरडायला लागलो. काय ओरडलो ते नंतर लोकांनी सांगितलं. "अण्णा, वर काढा" असं ओरडत होतो.

मग रखवालदाराचा आवाज आला, अगदी शांत. "कॅप्टन, उभे राहा."

मी उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत होतं.

धक्क्यावर तेव्हा चाळीसएक माणसं असतील. बर्फवाले, डॉक्टर, त्यांचे पाहुणे, सगळे. अण्णांची नक्कल तू ऐकलीस, तुला कल्पना येईल. चालत बाहेर आलो, शिंपल्याने पाय कापला तो त्या वेळी कळलाही नाही.

तुला आकडा पाठवला. तो खरा की खोटा हे मात्र तुला कधीच ताडून बघता येणार नाही, कारण तू तिथवर कधी गेलीच नाहीस. या खाडीबद्दल तुला जे माहीत आहे ते जेवताना ऐकलेलं आहे. मी घाबरट आहे, कबूल. पण घाबरत का होईना, मी गेलो होतो. लहानपणी दर रविवारी गेलो होतो, आणि तू धक्क्यावर उभी राहून माझ्यावर जळत होतीस. ते मला तेव्हाही कळत होतं. मला होडीतून उतरून तुला बसवायचं असायचं. दोघांनाही कोणी विचारलं नाही.

उन्हाळाभर ती पाण्यात का ठेवली, यावर तू तीन पत्रं खर्ची घातलीस. वर काढायला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस आणला असता तर त्याने विचारलं असतं, काय साहेब, किती दिवसांत नेली नाही? बस, एवढंच. आणि रोज जाऊन बसायचो, कारण वाटायचं, आज नाही तर उद्या चौथा दोर सोडता येईल. तो सुटला, त्याचं श्रेय तुला देत नाही.

होडी उताराच्या पायथ्याशी चिखलात आडवी पडलीय. मिस्त्री महिनाअखेरीस येऊन तोडून नेणार आहे. लाकूड भट्टीला चालेल म्हणाला.

तुझा भाऊ

२४ मे

भाऊराया,

तोडू देऊ नकोस. मी येतेय, सत्तावीसला सकाळी पोचते. मिस्त्री आधी आला तर सिस्टरला होडीत बसवून ठेव, तिला कोणी हात लावणार नाही.

तुझ्या पत्राचं उत्तर समोर उभं राहून देईन. तू असं पहिल्यांदाच लिहिलंस.

ताई

१५ जून

अहो,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. गॅस संपला तर शेजारी सांगा, आणि दूध तापवताना समोर उभे राहा, पेपर घेऊन बाल्कनीत जाऊ नका.

इथली हकीकत लिहिते. मी आले तेव्हा भाऊ दारात उभा होता, पायाला पट्टी. मी म्हटलं, "मी तुझ्यावर हसायची. जेवताना. तुला आठवत असेल." तो म्हणाला, "आठवतं." तेवढ्यात सिस्टरने आतून विचारलं की बाहेरच उभं राहायचंय का, मग आत गेलो. तीन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. माझी तक्रार नाही.

मिस्त्री आला. मी त्याला विचारलं, तोडायला किती वेळ? म्हणाला, एक दिवस. दोन फळ्या बदलायला? म्हणाला, बाई, तुम्हाला काय कळतं त्यातलं. मग मी साडीचा काचा मारून होडीखाली शिरले आणि कुठली फळी राहील, कुठली जाईल, ते खडूने आखून दिलं. गुडघ्यांनी आठवडाभर सूड घेतला. पण काथ्या मीच ठोकला. होडी उतारावर ओढून, इंजिन धुवून घेण्यासकट बारा दिवस लागले. उतारावरून खाली ढकलताना आम्ही तिघं आणि रखवालदार होतो. बर्फवाले कडेला उभे होते, त्यांतला एक म्हणाला, "कॅप्टन, पोहायला येतं का आता?" भावाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही. लाल पिंपावरचा आकडा किती आहे?" त्या माणसाला सांगता येईना. पंधरा वर्षं धक्क्यावर आहे तो.

काल मी भावाला विचारलं, "येतोस?" तो म्हणाला, "नाही. भीती वाटते." कारण दिलं नाही, पुस्तक काढलं नाही, ओहोटी मध्ये आणली नाही. साठ वर्षांत त्याच्या तोंडून इतकं स्वच्छ वाक्य मी ऐकलं नव्हतं. होडीत मी आणि सिस्टर बसलो. तिला लाज नाही नि भीती नाही, वल्हं असं धरते जसं एखादं मूल बाहेर काढायचंय. दोर भावाने सोडले.

तुम्हाला खरं सांगते. पन्नास वर्षं ज्याच्यासाठी जळले ते म्हणजे ऊन, पाणी आणि डिझेलचा वास. धक्का मागे राहिला तेव्हा मनात आलं, एवढंच? याच्यासाठी मी भावाशी आयुष्यभर असं वागले? अण्णांनी हेच का कुलपात ठेवलं होतं? पिंपाला फेरी घातली. आकडा सतरा आहे, एकाचा खालचा भाग पुसलेला. सिस्टर म्हणाली, "बघून झालं असेल तर वळू या." मी म्हटलं, "अजून थोडं पुढे." वळणाच्याही पुढे गेलो. ती हसली, आल्यापासून पहिल्यांदा. परत यायला दोन तास उशीर झाला, आणि ते दोन तास भाऊ दोर हातात घेऊन तसाच उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्ही बुडालो असतो तर त्याने काय केलं असतं, देव जाणे. बहुतेक उडी मारली असती. मूर्ख आहे.

मासा एकही मिळाला नाही. कोळिणीने बोई दिली, मी साफ करू दिली नाही.

धक्क्याच्या ऑफिसात होडीची नव्याने नोंद करावी लागते, दुरुस्तीनंतरचा नियम आहे. कारकुनाने विचारलं, मालक कोण? भावाने माझ्याकडे बोट केलं. मला त्याने आधी सांगितलेलं नव्हतं. कारकुनाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'कॅप्टनसाहेबांची बहीण.' मी त्याच्या हातून पेन घेतलं, ते खोडलं, आणि माझं नाव लिहिलं.

सोमवारची गाडी मी सोडली आहे. या वर्षी पाऊस लांबलाय, उन्हाळा अजून थोडा बाकी आहे, होडी पाण्यात आहे, आणि तिला रोज बाहेर न्यायला कोणीतरी लागेल.

तुमची
मीच